प्रणाली अवे आहे

हरिणखेडे सरांनी खोली भाड्याने देण्याआधी माझी जेवढी चौकशी केली, तेवढी पुढे लग्न ठरताना माझ्या सासरच्यांनीही केली नाही. मी अमरावतीची. गोंदियाजवळ कामठ्याच्या शाळेत मराठी शिकवायला म्हणून नुकतीच आले होते. सर त्याच शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांच्या घराची समोरची खोली रिकामी आहे असं शिपायाने सांगितलं, म्हणून शाळा सुटल्यावर गेले, तर भरदिवसा फाटकाला आतून कुलूप. कुलपाच्या पलीकडे सर, अलीकडे मी.

“गाव कोणतं?”

“अमरावती.”

“अमरावती तं शहर झालं. गाव सांगा. आज्याचं.”

मी आजोबांचं गाव सांगितलं. त्यांनी ते मनातल्या मनात कुठेतरी ठेवून घेतलं.

“मंग इकडं काऊन आल्या?”

“नेमणूक झाली सर.”

“नेमणूक सगळ्यायचीच होते. बाहेरचे लोक येते अन् बदली करून वापस पळते. तुम्ही काऊन नाही पळाल्या?”

“मी कालच तर आले!”

यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की कालच येण्यामागेही माझा काहीतरी डाव असावा. तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला, “अवो, पोरीले आधी आत तं घ्या.” आणि काकूंच्या मागे एक मुलगी तोंडावर ओढणी धरून हसत होती. ती प्रणाली, सरांची एकुलती एक. नागपूरला नर्सिंग शिकत होती, सुट्टीला आली होती. कुलूप उघडेपर्यंत तिने मला डोळ्यांनीच धीर दिला आणि आत गेल्यावर कानाशी येऊन म्हणाली, “टेन्शन नका घेऊ मॅडम. बाबा माह्यी पन अशीच चौकशी करते. मी तं याच घरात पैदा झाली.”

सर उंच, हडकुळे, पांढऱ्या शर्टाची वरची गुंडी उन्हाळ्यातही लावलेली. डोळे असे, की समोरच्याला आपण काहीतरी केलंय असं उगाच वाटू लागावं. संशय हा सरांचा स्वभाव होता असं म्हणणं म्हणजे तांदूळ हे गोंदियाचं पीक आहे असं म्हणण्यासारखं आहे. सगळीकडे तोच. घराला कुलूप लावल्यावर ते ओढून बघत, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येत आणि पुन्हा ओढत. दूधवाल्याच्या कॅनमध्ये वाकून बघत. शाळेची घंटा वेळेवर झाली तर ‘आज वेळेवर काऊन झाली?’ म्हणून घड्याळ बघत. बिरसीच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं दिवसभर धानाच्या बांध्यांवरून घरघरत जायची. बाकी गावाला त्यांची इतकी सवय झाली होती की कोणी वर बघायचंही नाही. सर बघायचे.

“मॅडम, मले एक सांगा. हे रोज उडते. कोठीच जात नाही, फिरून तेथंच येते. असं जानं काय कामाचं? काही तं भानगड आहे.”

“शिकतात हो सर ती मुलं.”

“शिकते मंजे? यायले जाची शिकवनी देते का यायची?”

मीही वर बघितलं.

संशयातून त्यांनी पूर्वजांनाही सोडलं नव्हतं. आमचे लोक माळव्यातून आले, हे ते अभिमानाने सांगत. मी एकदा त्यांचंच अस्त्र त्यांच्यावर चालवलं. “पण सर, माळवा सोडून इकडे काऊन आले?” ते इकडे तिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, “तेच तं कोनी सांगत नाही. कोनी म्हनते लढाईले आले, कोनी म्हनते जमिनीसाठी. मले संशय आहे का पळून आले असतीन.”

वर्गात हा संशय सगळा इंग्रजी शब्दांवर निघायचा. त्यांचा वर्ग आणि माझा वर्ग यांच्यामध्ये भिंत होती खरी, पण वरची बाजू मोकळी, त्यामुळे माझी मुलं मराठीची कविता ऐकता ऐकता इंग्रजी शिकायची. नवा शब्द आला की सर तो फळ्यावर लिहीत, त्याच्याभोवती चौकोन काढत आणि खडूने ठोकून विचारत, “थांब. पयले गाव सांग.” तो शब्द म्हणजे पिंजऱ्यातला आरोपी आणि मुलं पंच. ‘शाम्पू’ पकडला गेला तो दिवस मला आठवतो. “हा पाय, इंग्रजी कोट घालून आला अन् म्हनते मी साहेब. अरे तू तं हिंदीतला! डोकं चांपा म्हनते ना, तो चांपो! आमच्याच घरून गेला अन् आमालेच बाटलीत भरून इकते?” मुलं हसून लोळली. ‘विंडो’ म्हणजे वाऱ्याचा डोळा, हे कळल्यावर सरांनी वर्गातल्या खिडक्यांकडे अशा नजरेने पाहिलं की पुढच्या बाकावरच्या मुलीने आपणहून एक झडप ओढून घेतली.

स्थळ दाखवणारी क्रियाविशेषणं त्यांच्या खास आवडीची. “हिअर, देअर, व्हेअर. तिघं एकाच घरचे दिसते का नाही? हिअर मंजे माह्याजवळ. देअर मंजे तुमच्याजवळ. अन् व्हेअर मंजे पोलीसजवळ, काऊन का तो शोधून राहिला.” असं इंग्रजी मी कुठल्याही पुस्तकात वाचलं नाही आणि सरांच्या कुठल्याही विद्यार्थ्याला ते विसरताही आलं नाही.

एकाच शब्दाची चौकशी त्यांनी केली नाही, त्याची ही गोष्ट आहे.

प्रणालीचं शिक्षण झालं, नागपूरच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. तिथून एकदा ती घरी आली आणि जेवायला बसल्यावर तिने बापाला सरळ सांगून टाकलं, की मला एका मुलाशी लग्न करायचंय. तोही तिच्याच दवाखान्यात, एक्स-रेच्या यंत्रावर फोटो काढण्याचं काम करणारा. आता रायपूरला दोघांनाही चांगली नोकरी मिळतेय. माझी खोली भिंतीला भिंत लागून. ऐकायचं नव्हतं तरी ऐकू आलं.

सरांनी जात विचारली नाही, पगार विचारला नाही. त्यांनी विचारलं, “त्याचं गाव कोणतं?”

“त्याले गाव नाही बाबा.”

“गाव नाही मंजे?”

“त्याचे आईबाप रोडच्या कामावर होते. जेथं काम, तेथं तंबू. तो तसाच वाढला. आधी छत्तीसगडमध्ये, मंग ओडिशात, मंग इकडं.”

“अन् आजा?”

“आजा पन रोडवरच.”

ताट सरकवल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, “ज्याले गाव नाही त्याच्या घरी मी पोरगी देऊ कशी? उद्या काही झालं तं मी जाऊ कोठी? कोणाच्या दारावर उभा राहू?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. हे मला भिंतीपलीकडून कळलं. समोर बसलेल्या पोरीला कळलं नाही, किंवा कळूनही तिच्यापुरता उशीर झाला होता. पहाटेच्या गाडीने ती गेली आणि महिन्याभरात रायपूरला कोर्टात लग्न केलं.

मग गाव विचारू लागलं. सर, प्रणाली दिसत नाही? आता मराठीत याचं उत्तर द्यायचं तर अडचणच होती. ‘गेली’ म्हणावं तर ते अशुभ. ‘निघून गेली’ म्हणावं तर सगळं सांगून टाकल्यासारखं. ‘रायपूरला असते’ म्हणावं तर पुढचा प्रश्न तयार. सरांनी पहिल्याच माणसाला, पानठेल्यावर, छाती ताठ ठेवून सांगितलं, “प्रणाली अवे आहे.” ‘दूर आहे’ एवढाच त्याचा अर्थ, पण इंग्रजी ऐकून तो माणूस दबला आणि पुढे काही विचारेना. सरांना कुलूप सापडलं. त्या दिवसापासून जो विचारेल त्याला हेच. मुख्याध्यापकांना, नातेवाइकांना, देवळात भेटणाऱ्यांना. प्रणाली अवे आहे.

त्याच सुमारास फाटकाला आणखी एक कुलूप लागलं. आणि घरातल्या एकुलत्या एक मोबाईलवर सरांची नजर बसली. बाहेरून आले की चपला काढायच्या आधी ते फोन हातात घ्यायचे आणि तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा त्याला हाताचा मागचा भाग लावायचे.

“फोन गरम काऊन आहे?”

“उन्हात होता जी,” काकू म्हणायच्या.

काकू वरवर साध्या. शाळा फारशी पाहिलेली नाही. पण नवऱ्याच्या संशयाबरोबर इतकी वर्षं संसार करून त्याही पक्क्या झाल्या होत्या. मुलीशी बोलून झालं की त्या फोन कापडात गुंडाळून पाण्याच्या माठाच्या बुडाशी ठेवायच्या. सर येईपर्यंत गारेगार. एक दिवस कापड ओलं झालं आणि सर फोन नाकाशी धरून म्हणाले, “ओला काऊन आहे?” काकू म्हणाल्या, “मले काय माहीत, घामेजला असन.” मी माझ्या खोलीत उशीत तोंड खुपसून हसले. पण हसून झाल्यावर फार वाईटही वाटलं. दोघांनाही त्याच पोरीची आठवण येत होती, आणि एका घरात राहून ती एकमेकांपासून लपवत होती.

सरांचा माझ्यावरही संशय होताच. प्रणालीचा निरोप मी आणते, अशी त्यांची खात्री होती. मी आणत नव्हते, पण माझ्या हातात पिशवी दिसली की ते आत वाकून बघत. वांगी असायची. वांग्यांवरही त्यांचा पुरता विश्वास बसत नसे.

इकडे गावाने तो शब्द उचलला. सरांच्या तोंडून गंभीरपणे पडलेला इंग्रजी शब्द, म्हणजे त्याचा अर्थ गावाने आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्यावरून काढला. पोरगी आईबापाला न विचारता गेली म्हणजे अवे झाली. आठवडी बाजारात मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, “अमक्याची भाची अवे झाली म्हंते, बालाघाटच्या पोट्ट्यासंगं.” मग हळूहळू तो शब्द माणसांपुरता राहिला नाही. सायकल चोरीला गेली, अवे. कोंबडी सापडेना, अवे. आमच्या शाळेच्या शिपायाने एकदा स्टाफरूममध्ये सरांच्या देखत सांगितलं, “सर, खडूचा डब्बा अवे झाला जी.” त्या बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. तो शब्द कुठून आला हेही त्याला ठाऊक नसावं. मी सरांकडे पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्या शब्दांचं गाव विचारणारा माणूस, आणि त्याच्या घरून निघालेला शब्द गावभर असा फिरून त्याच्यासमोर उभा राहिला होता. त्यांनी डोळे टेबलावरून उचलले नाहीत.

त्याच दिवसांत आठवीच्या वर्गाला जो धडा होता, त्यात ‘अवे’ आला. मी कान देऊन होते. सर आदल्या शब्दाशी थांबले आणि ‘अवे’ गाळून पुढच्या शब्दावर गेले.

मग तो रविवार आला.

सकाळची वेळ. काकू अंगणात सुपात तांदूळ निवडत होत्या. मी शेजारी वह्या तपासत बसले होते. सर आत दाढी करत होते. दवनीवाड्याहून एक ऑटो आला आणि फाटकापुढे थांबताच त्यातून सरांच्या थोरल्या बहिणीने, आत्याबाईंनी, हंबरडा फोडला.

“माय वो! माह्यी प्रणाली वो! सोन्यासारखी पोट्टी वो!”

त्यांच्यासोबत आणखी दोघी होत्या. त्यांनीही डोळ्याला पदर लावून सूर धरला. फाटकाला दोन कुलपं. तिघी बाहेर गज धरून रडतायत, आणि आत काकूंच्या हातातलं सूप तिरपं होऊन तांदूळ पायावर सांडतायत. सर अर्ध्या दाढीचे धावत आले. किल्ल्यांचा जुडगा हातात, पण पहिल्या कुलपाला किल्ली लागेना. दुसरी लावली, तीही नाही. आणि अशाही वेळी तोंडातून निघालं तेच.

“कोनं सांगतलं? बातमी कोठून आली?”

“साऱ्या दवनीवाड्यात बोलून राहिले!” आत्याबाई ओरडल्या. “हरिणखेडे सरची पोरगी अवे झाली मने! मी आपली अडानी, मले काय समजते? आमच्या शेजारची नवी सून शिकेल आहे. तिले इचारलं तं तिनं मोबाईलवर दाखोवलं. मोठमोठे लोक मरते तेव्हा लिवते मने, पास अवे. अवे मंजे खपली! अन् तू सख्ख्या बहिनीले कळवलं पन नाही रे!”

मला कळलं काय झालंय ते. सरांनाही कळलं असणार. इंग्रजीचे मास्तर होते ते. पण कळणं वेगळं आणि खात्री वेगळी. त्यांनी आपल्या पोरीचा आवाज लग्नाआधीपासून ऐकला नव्हता. काकूंचं ठीक होतं, त्या दोन दिवसांपूर्वीच बोलल्या होत्या, पण दोन दिवसांत काय होत नाही, असं त्यांच्याही चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. एवढ्या बाया रडत दारावर आल्यावर आईचं काळीज हिशोब करत बसत नाही.

सरांच्या हातातून किल्ल्या पडल्या. ते काकूंकडे वळले.

“नंबर लाव.”

“कोनता नंबर?”

“जो तू रोज लावते तो.”

काकूंनी आत जाऊन फोन आणला. त्यांची बोटं चालेनात, म्हणून फोन माझ्या हातात दिला. मी लावला आणि आवाज मोठा केला. घंटी वाजत राहिली. आत्याबाई गजाला कपाळ टेकून थांबल्या होत्या. सरांच्या एका गालावर साबण तसाच वाळत होता.

“हॅलो? आई? सकारीसकारीच? बाबा घरी नाही काय?”

पोरीचा आवाज झोपेतला आणि छान होता. पहिल्यांदा आत्याबाईंना कंठ फुटला, “जिती हाये वो, जिती हाये!” आणि त्या आधीपेक्षा जोरात रडू लागल्या. काकूंनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला आणि अंगणाच्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या देखत, लपवालपवी न करता बोलू लागल्या. “काही नाही बाई, काही नाही. तुही आत्या आली आहे. तुले काय खावंसं वाटून राहिलं सांग.” प्रणालीला दिवस गेले आहेत, हे मला त्या वाक्याने कळलं. सरांनाही तेव्हाच कळलं.

मी सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. ‘बाबा घरी नाही काय?’ एवढंच तिने विचारलं होतं. बाप घरात नसेल तेव्हाच आई फोन करते, हे त्या पोरीने गृहीत धरलं होतं. मला त्यांचा फार राग आला होता, आणि तितकीच दयाही येत होती. त्यांनी खाली वाकून किल्ल्या उचलल्या, बहिणीला आत घेतलं, पाणी दिलं आणि उरलेली दाढी करायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सर शाळेत आले नाहीत. आजवर तापातही त्यांनी रजा घेतली नव्हती, त्यामुळे स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं रायपूरला गेले भांडायला, कोणी म्हणालं वकिलाकडे. ते गोंदियाला गेले होते, एका जुन्या ग्रंथालयात. त्यांच्याकडे एक जाडजूड शब्दकोश होता, पण एकट्या साक्षीदारावर त्यांचा भरवसा नसे.

मंगळवारी आठवीचा तास. भिंतीच्या वरून खडूचा आवाज आला. चौकोन काढल्याचा. माझ्या मुलांना मी उतारा लिहायला लावला आणि गप्प बसले.

“हा शब्द तुमाले सगळ्यायले येते. नाही येत असं कोनी म्हनू नका, मी गावातच राह्यतो.” वर्गात हशा नाही, काही नाही. “अवे. याचं गाव मी इचारलं नव्हतं. माह्यी चूक झाली. आज इचारून आलो.” खडू फळ्यावर ठोकला गेला. “जुन्या इंग्रजीत हा एक शब्द नव्हताच. दोन होते. ऑन अन् वे. वे मंजे वाट, ऑन मंजे वर. लोकं बोलत गेले, बोलत गेले, ऑन झिजला, अन् नुसता अ राह्यला. जसा अलाइव्हमधला अ. अलाइव्ह मंजे ऑन लाइफ, जिवावर असलेला, जिता. तसा अवे मंजे...”

“वाटेवर!” मुलं एका सुरात म्हणाली.

“वाटेवर. वाटेला लागलेला. दूर हा अर्थ मागाहून चिपकला. पळून गेला, हा तं तुमीच चिपकवला.”

एका मुलीचा आवाज आला, “सर, मंग वाटेवरचा मानूस जाऊन राह्यला का येऊन राह्यला, ते कसं समजन?”

वरून बिरसीचं विमान घरघरत गेलं.

“ते शब्द सांगत नाही बाई,” सर म्हणाले. “वाट दोन्हीकडं जाते.” आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, “आपले लोकं माळव्यातून निघाले, इकडं पोचेपर्यंत अवेच होते ना. पिढ्या गेल्या असतीन त्यायच्या वाटेवर. त्यायले कोनी इचारलं असतं गाव कोणतं, तं काय सांगतलं असतं? काही लोकायचं गावच वाट असते.”

संध्याकाळी मी काकूंना तो तास जसाच्या तसा ऐकवला. त्या सुपारी कातरत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी फक्त विचारलं, “मंग ते काही म्हनाले का, पोरीले येऊ देतो म्हनून?” नव्हते म्हणाले. काकू पुन्हा सुपारी कातरू लागल्या. “शब्दाले घरात घेते. पोरीले केव्हा घेतीन कोन जाने.”

त्यानंतर आमच्या घरात संशय उलटा फिरला. म्हणजे आता आम्ही दोघी सरांवर संशय घेऊ लागलो. सर मागची खोली, प्रणालीची, बंद करून आत काहीतरी ठोकत बसायचे आणि आम्ही गेलो की थांबायचे. पंख्याला तेल दिलं म्हणाले. कोणासाठी, हे सांगेनात. एकदा बाजारातून पिशवी घेऊन आले आणि मी वाकून बघणार, तोच त्यांनी ती पाठीमागे घेतली. “मॅडम, दुसऱ्याच्या पिशवीत काऊन पाह्यता?” हे मला हरिणखेडे सरांनी विचारावं! काकू तर घाबरून गेल्या होत्या. “मॅडम, हे काही तं करून राहिले. एक तं पोरीसाठी, नाही तं पोरीच्या इरुद्ध. मले यायचा भरोसा नाही.” फोनवर मात्र त्या आता उघडपणे बोलत. माठाखाली कापड तसंच वाळून पडलं होतं. बापाने फोन हातात घेतला नाही, आणि पोरीनेही ‘बाबाले दे’ म्हटलं नाही. दोघंही एकाच मातीचे.

अशातच माझी बदली अमरावतीला झाली. सर म्हणाले, “पळाल्या ना शेवटी? मी पयल्याच दिवशी म्हनलं होतं.” पण हे म्हणताना त्यांनी माझी ट्रंक स्वतः उचलून ओसरीवर आणून ठेवली, आणि तिचं कुलूप ओढून बघितलं.

निघायच्या दिवशी दुपारी ऑटो दारात उभा होता. काकूंनी मला दहीसाखर दिली, आणि पाणी द्यायला म्हणून माठाकडे गेल्या. खाली वाकल्या आणि तशाच थांबल्या. माठाच्या बुडाशी कापड होतं, ओलं. त्यात गुंडाळलेला फोन.

“मॅडम, हा मी नाही ठेवला.”

त्यांनी फोनला हाताचा मागचा भाग लावला. मग माझा हात धरून त्यालाही लावला. गारव्यात ठेवूनही फोन अजून कोमट होता. कोणीतरी खूप वेळ बोललं होतं.

सर फाटकाशी पाठमोरे उभे होते. काकू ओसरीच्या पायरीवर आल्या. आवाज चोरटा होता.

“अवो. फोन गरम काऊन आहे?”

सर वळले नाहीत. किल्ल्यांचा जुडगा चाळवत राहिले.

“सांगा ना जी. कोनासंगं बोलले?”

“प्रणाली अवे आहे,” सर म्हणाले.

काकू मटकन पायरीवर बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडू लागल्या. मी त्यांना धरायला गेले, तर त्या मलाच ढकलू लागल्या, “जा, तुमची गाडी निघन. मले तांदूळ भिजवाचे आहेत. तिले चिला लागते खायले.”

मी ऑटोत बसले. तो वळेपर्यंत मागे बघत होते. सरांनी फाटकाचं एक कुलूप काढलं, मग दुसरं. सवयीने दोन्ही ओढून बघितली, आणि मग ती कुठे ठेवायची हे न सुचून हातातच धरून उभे राहिले. गोंदियाकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे ते संशयाने बघत होते. फाटक सताड उघडं होतं.